गरम पाण्यात घट्ट

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या माणसाला सगळे लख्खकाका म्हणत. धुतलेली प्रत्येक बाटली खिडकीकडे धरून ते स्वतःशीच "लख्ख" म्हणायचे, म्हणून. सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. घरी बायको म्हणायची, "तिकडे काचा चमकवता, इथे स्वतःचा पेला उचलायला हात दुखतात!" काका तो पेला उचलून धुवायला घ्यायचे. मुळात स्वभावच अबोल.

त्या वर्षी संशोधन करणारी एक मुलगी, काका तिला ताई म्हणत, एका अजब द्रवाच्या मागे लागली होती. तो द्रव म्हणजे खरं तर मीठच, पण न तापवताही पातळ राहणारं. त्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या घालायच्या. साखळीची दोन्ही टोकं एका जातीची, मधला भाग दुसऱ्या जातीचा. मिश्रण फ्रिजमध्ये ठेवलं की खळीसारखं थिजावं, अशी तिची अपेक्षा. बाटली उलटी करायची. आतलं खाली आलं नाही तर जिंकलो. आठ वेळा तिने बाटली उलटी केली आणि आठही वेळा ते मुकाट झाकणावर येऊन बसलं.

"ओलावा शिरतोय कुठून तरी," विभागाचे सर म्हणाले. "बाटल्या कोण धुतं?"

बोट काकांकडे वळलं. सर सिंकपाशी आले आणि चार मुलांदेखत म्हणाले, "काका, आता वय झालं. बाटल्या ओल्या राहतात तुमच्या. सोमवारपासून स्टोअरमध्ये बसा."

काकांचा चेहरा पडला. काम गेल्याचं एक वेळ सोसलं असतं. पण ओल्या बाटल्या?

थोड्या वेळाने ताई नववी बाटली घेऊन आली. तीही फसलेली. ती घुटमळली. "काका, मी तसं काही म्हटलं नव्हतं हं."

"म्हणाला नाहीत. पण गप्पही बसलात की." काकांचा बांध फुटला. "दोन तास ओव्हनमध्ये ठेवतो मी बाटल्या! ओल्या असत्या तर सगळ्यांच्याच असत्या. तुमच्याच कशा नखरे करतात? इतरांचं चिकट असलं की बाटली गरम पाण्यात ठेवतो, सैल होतं, ओतून टाकतो. तुमचं सगळं उलटं. गरम पाण्यात घट्ट बसतं! सहा महिने झाले, तुमच्या बाटल्यांना गार पाणीच देतो मी."

"काय घट्ट बसतं?"

"तुमचं ते."

"गरम केल्यावर?"

"मग काय सांगतोय?"

"अहो काका, आणि हे मला आज सांगताय!"

"तुम्ही शिकलेली माणसं. मला वाटलं, ठाऊक असेल."

तिला ठाऊक नव्हतं. साखळ्या ती दुसऱ्या, उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवून त्या द्रवात घालायची, पंपाने तो द्रावक ओढून घ्यायची आणि बाटली थेट फ्रिजमध्ये. तापवायची वेळच कधी आली नव्हती.

काकांनी टबात गरम पाणी ओतलं. बाटली आत सोडून दोघं टबावर वाकून उभी राहिली. पाच मिनिटांनी ताईने ती पुसली आणि उलटी केली.

आतलं जागचं हललं नाही.

गार पाण्यात धरली, वाहू लागलं. पुन्हा गरम पाण्यात, पुन्हा घट्ट. "सर!" ताई अशी ओरडली की शेजारच्या खोलीतलेही धावत आले.

सरांनी बाटली हलवली, टिचकी मारली, लहान मुलासारखी तीनदा बुचकळून पाहिली. "टोकं!" ते म्हणाले. "ऊब लागली की टोकांना हा द्रव नकोसा होतो. मग ती एकमेकांना धरतात आणि आत जाळं विणलं जातं. आपण गारव्यात शोधत बसलो."

ताईने जुन्या आठ मिश्रणांचे राखून ठेवलेले नमुने आणले. सात घट्ट बसले. आठव्याचं झाकण कुणीतरी सैल ठेवलं होतं. कुणी, ते कुणी विचारलं नाही. खोलीत टाळ्या वाजल्या. ताईने काकांचा ओला हात धरून गदागदा हलवला.

गलबल्यात काका सिंककडे वळले, नळ सोडला. सर मागून येऊन हळूच काहीतरी बोलले.

काकांनी नळ बंद केला. "काय म्हणालात? पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं."

सरांनी मुलांकडे पाहिलं, घसा खाकरला. "म्हटलं, बाटल्या कोरड्या होत्या. चूक माझी. सोमवारी तुम्ही इथेच."

आवाज थेट जिन्यापर्यंत गेला. जिन्यावरची दोन मुलं थांबून वर बघायला लागली.

"आता आलं ऐकू," काका म्हणाले.