विचारून घेतलेला कोड

मी सास्तूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. कंपनी माती तपासायचं यंत्र बनवते आणि त्यातून निघणारा मराठी अहवाल छापायचं काम माझ्याकडं आहे. गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा गोड होता, म्हणून मी आधीच सावध झाले.

"अहवालात जी लायब्ररी वापरलीय, तिचा परवाना वाचला होता का तुम्ही?"

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला तयार कोड. परवाना मी वाचला नव्हता. त्यात अट होती की हा कोड आपल्या प्रोग्राममध्ये घालून गिऱ्हाइकाला दिला, तर आपला सगळा प्रोग्रामही मोकळा करायचा. कंपनी त्याला तयार होणार नव्हती. आठ दिवसांत तसली अट नसलेली दुसरी लायब्ररी शोधायची, नाहीतर मी पुण्याला जाऊन सगळ्यांबरोबर ते नव्यानं लिहायचं. "आणि मग तुम्ही इथंच राहिलेलं बरं," साहेब म्हणाले.

लग्नानंतर दोन वर्षं मी पुण्यात एकटी राहिले होते, शनिवारी एसटीनं यायचं आणि रविवारी परत जायचं. ते दिवस मला पुन्हा नको होते. इथं सकाळी नवरा जीपनं लोहाऱ्याला नोकरीवर जातो आणि मग दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मला त्यांची सवय झाली होती. त्यांना माझी झाली होती का, ते त्या कधी बोलल्या नव्हत्या.

चूक माझीच. आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की येणाऱ्याजाणाऱ्यानं कुणाच्याही बांधावर बसून दोन कणसं खाल्ली तर कुणी काही म्हणत नाही. पदरात बांधून न्यायची असतील तर मात्र मालकाला विचारायचं. ती लायब्ररी मी आधी आमच्याच शेताचा अहवाल छापून बघायला घेतली होती. खाता खाता पदर कधी भरला, ते माझं मलाच कळलं नाही.

जाचक अट नसलेल्या लायब्रऱ्या पुष्कळ सापडल्या. इंग्रजीत सगळ्या हुशार. मराठी दिली की धाराशिवची वेलांटी उडून शेजारी बसायची आणि सास्तूर मधेच मोडायचं. कागद तपासायला आत्या होत्या. त्या मोठेपणी अक्षरं शिकल्या, त्यामुळं एकेक अक्षर बोटानं दाबून वाचतात. त्यांच्या हातून चूक सुटत नाही.

"ही येलांटी भलत्याच घरात गेलीया," म्हणून त्यांनी चार कागद परत केले.

पाचव्या दिवशी एक सापडली. लहानशी, एकट्या माणसानं लिहिलेली. मी ती जोडली, कागद छापला आणि आत्यांपुढं ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

"कुणाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"हाय कुणीतरी. त्यानं काही अटच लिहिली न्हाय, आत्या."

"मग तू इचारलंस का त्याला?"

"लिहिलं न्हाय म्हटल्यावर विचारायचं काय?"

"बांधावर पाटी न्हाय म्हणून रान बिनमालकाचं झालं व्हय?"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. परवानाच नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडंच राहतो, हे मी कॉलेजात शिकले होते. साहेबांच्या ध्यानात येईल न येईल, असं मनाशी धरून मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते.

"त्यानं उत्तर दिलं न्हाय तर मला पुण्याला जावं लागंल, आत्या."

"जावं लागलं तर जाशील. पण इचार."

एवढंच म्हणून त्या गोठ्याकडं गेल्या. ते मला फार लागलं. मी राहिले काय नि गेले काय, ह्यांना सारखंच, असं वाटलं. त्या रागातच मी मेल लिहिला.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. मी दर दहा मिनिटांनी मेल उघडायची आणि आत्यांशी कामापुरतं बोलायची. आठव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्याशा लांबच्या देशातला निवृत्त मास्तर होता. त्याची बायको आपल्याकडची, तिच्या आईला पत्रं छापून पाठवता यावीत म्हणून त्यानं हे केलं होतं. परवाना घालायचा राहून गेला होता. आजवर कुणी विचारलंच नाही, असं त्यानं लिहिलं आणि त्याच दिवशी परवाना घातलाही. त्यात अट एकच होती, कोडमधलं त्याचं नाव पुसायचं नाही. मी नाव तसंच राहू दिलं, परवान्याचा कागद जोडला आणि सगळं पुण्याला पाठवून दिलं. तिन्हीसांजेला साहेबांचा निरोप आला, "छान. तिथूनच काम चालू ठेवा."

सांगायला आत गेले. आत्या ऐकत होत्या का, ते कळेना. त्यांनी फडताळाखालून एक पिशवी ओढली आणि एकेक वस्तू काढून जाग्यावर ठेवू लागल्या. शेंगाची चटणी, ज्वारीचं पीठ, डब्यातला गूळ. तळाशी त्यांची स्वतःची वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, त्या रोज पांघरतात ती.

"हे काय, आत्या?"

"तुझ्यासाठी भरलं व्हतं. पुण्यात थंडी लई असती, तूच म्हणत व्हतीस."

"कधी भरलं?"

"तुला इचार म्हणलं, त्याच दिशी."

तीन रात्री त्या वाकळेशिवाय झोपल्या होत्या आणि मला कळलंही नव्हतं. मी तिथंच बसले आणि मला रडू आलं.

"आता कशाला रडतीस," त्या म्हणाल्या, "ऊठ, भाकरी करू."