नदीकडच्या पायाचा चुना

जुनी भिंत दिसली की मिस्त्री नखानं चुन्याचा कण काढायचे आणि सरळ जिभेवर ठेवायचे. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "गूळ हाय. हिरडा बी हाय. मनापासून बांधलंय." आमच्या भुईकोटाच्या तटाशी त्यांनी हेच केलं, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अहो, कुत्री काय काय करून जातात तिथं." तर म्हणतात, "चाखल्याबिगर कळत न्हाय की, गुरुजी."

मूळचे वळसंगचे, पण सोलापुरात आमच्या गल्लीत तीस वर्षं राहिले. चुन्यातलं काम जाणणारा असा गवंडी आता शोधून सापडणार नाही. गेल्या उन्हाळ्यात तेही गेले. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, कामापुढे ज्याला जेवणाची शुद्ध राहत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धू मलेशियात वेल्डर होता. माझाच विद्यार्थी, भूगोलात काठावर पास. सुट्टीच्या दिवशी तो नदीच्या मुखाशी असलेल्या एका जुन्या किल्ल्यावर जायचा, मलय सुलतानांच्या काळातल्या, आणि तिथून व्हिडिओ कॉल लावायचा. "आप्पा, ह्यो बुरूज बघा." "फोन भितीजवळ धर." बापलेकाचं बोलणं एवढंच. पण त्या एवढ्याशा बोलण्यासाठी मिस्त्री सकाळपासून आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसायचे.

एकदा म्हणाले, "जरा चुना पाठव की. त्यांनी काय कालवलंय बघू." सिद्धूनं तटाचा एक ढलपा दाखवला. "त्यो नको, डागडुजीचा हाय. खाली नदीकडच्या पायाचा काढ. खरा चुना तितंच."

पुढच्या सुट्टीला तो छिन्नी घेऊनच गेला. "आप्पा, आज पायाशी पाणीच न्हाय, नुसता चिखल हाय. उतरतो." फोन बंद झाला. मी शेजारीच चहा पीत होतो. आयुष्यभर भरती-ओहोटी शिकवली, फळ्यावर चंद्र काढला, पोरांचे मार्क कापले. आणि त्या वेळी मला सुचलंच नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सिद्धूच्या मित्राचा फोन आला. पाय चिखलात रुतले, पाणी चढलं, लोक पोचेपर्यंत संपलं होतं. सगळं तिकडेच उरकलं.

मिस्त्री एकच धरून बसले, "चिखलात कोण बुडतं? कुणीतरी मारलंय माझ्या पोराला." चार महिने हेच. शेवटी म्हणाले, "जागा बघायची हाय. तुमी चला, मला इंग्रजी येत न्हाय." गेलो.

पडके तट, गंजलेल्या तोफा, पलीकडे मासेमारीच्या होड्या. मित्रानं जागा दाखवली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. नदी लांब सरकलेली होती, समोर चिखल आणि त्यात खेकडे. मिस्त्री तटाला धरून पायाशी वाकले. चुन्यात छिन्नीचे घाव होते. त्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "सरळ हायत. हात चांगला हुता." पोराला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

"पण गुरुजी, पाणी कुटं हाय हितं?"

सांगायला हवं होतं. "जरा बसू," एवढंच म्हणालो.

तटावर बसलो. तासाभरानं पाणी यायला लागलं. ना लाट, ना आवाज. चिखलावर पसरत आलं आणि पायाला टेकलं.

"गुरुजी, नदी उलटी यायली."

"रोज येते. दिवसातून दोनदा."

"तुमाला ठावं हुतं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला न्हवतं," ते म्हणाले.

घाव पाण्याखाली गेले. मिस्त्री उठले, कडेला जाऊन वाकले, आणि झोपलेल्या पोराला उठवावं तसं हळूच बोलले, "ऱ्हाऊ दे चुना. वर ये."