डावखुऱ्याचा जोडीदार

मेजरना निवांत बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही परक्या गावात, परक्यांच्या पायरीवर. एरवी खुर्ची पुढे केली तर ते तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहत. चहा दिला तर गल्लीत फेऱ्या मारत पीत आणि कपबशी भलत्याच घराच्या कट्ट्यावर ठेवून जात. माझा निम्मा सेट असाच गल्लीभर वाटला गेला. बांगड्या भरताना त्यांचा नाइलाज असे. तेव्हा उकिडवे बसत, पण एक टाच उचललेलीच. कुणी हाक मारली की निघायचं, अशा बेतानं.

मेजर म्हणजे लष्करातले नव्हेत. निसारभाई मणियार, धंदा बांगड्यांचा, मूळचे तिसगावचे. नगरजवळ भिंगारला आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको नसीमभाभी राहायचे. हे नाव बाजारातल्या लोकांनी चेष्टेनं पाडलं, कारण त्यांच्या बांगड्यांच्या पेटीत वरच्या कप्प्यात काच आणि खालच्या कप्प्यात सैनिक असत. बोटभर उंचीचे, प्लॅस्टिकचे, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारे, पाठीत एक बारीक स्क्रू. तेव्हा मुलांना त्यांचं फार वेड होतं. साचे परदेशातून आलेले, पण ओतायचे इथं. हिरवं प्लॅस्टिक संपलं की कारखानेवाले निळं ओतत, निळं संपलं की तपकिरी. त्यामुळे एकच गडी दिल्लीकडे हिरवा निघे, मद्रासकडे तपकिरी, आणि आणखी कुठे चक्क पिवळ्या बुटांचा. मेजरना हेच हवे असत. रंग चुकलेले, टोपी बदललेले, त्या त्या मुलखातच मिळणारे. सरळ सैनिक दाखवला की तोंड फिरवत. "ह्यो काय, दुकानात मिळतो," म्हणत.

आता मद्रासचा गडी नगरला येणार कसा, हा प्रश्न तेव्हा मीही विचारला होता. उत्तर शेजारीच होतं. आमच्या लष्करी कॅम्पात देशभरातून लोक बदलून येतात आणि बदलून जातात. शाळांना सुट्टी लागली की बिऱ्हाडं हलतात, ट्रंका भरतात, आणि पोरांची जुनी खेळणी भंगारवाल्याच्या गाडीवर पडतात. त्या दिवसांत मेजरची अगदी सैरभैर अवस्था होई. नसीमभाभी म्हणायची, "ताई, बदली त्यांची असती आणि जेवन ह्यांचं तुटतं."

मी तेव्हा नवी नवरी, नुकती बी.एड. झालेली. जगात जे जे वाकडं आहे ते सरळ करण्यासाठी आपली नेमणूक झाली आहे, अशी माझी पक्की समजूत होती. दारातल्या चपला मी जोडीनं लावायची, सासूबाईंच्या गप्पांतल्या चुका दुरुस्त करायची. आजच्या मला ती बाई भेटली तर मी मागच्या दारानं निघून जाईन. अशा बाईच्या तळहातावर मेजरनी एकदा बांगड्या भरता भरता एक सैनिक ठेवला.

"बघा, वैनी. काय दिसतंय?"

मी उलटापालटा केला. हिरवा गडी, काळे बूट. "नीट तर आहे."

"मास्तरीण ना तुमी? हात बघा हात."

मी हात पाहिले. मला अजूनही हातच दिसले. मग त्यांनीच सांगितलं. डाव्या बाजूचा अंगठा पुढे होता, उजव्या बाजूचा मागे. दोन्ही हात डावे होते. हे बांगड्या भरणाऱ्यालाच दिसणार. मेजरना गिऱ्हाइकाचा चेहरा लक्षात राहत नसे. बाजारात मी समोरून गेले तरी ओळखायचे नाहीत, पण हात पुढे केला की, "अरे, भिंगारच्या वैनी."

त्या गड्याचं नाव डावखुरा. तो पेटीत नसे, मेजरच्या सदऱ्याच्या खिशात असे. "ह्याला दोन डावे बसले, म्हंजे ह्याचा उजवा कुणाकडं तरी गेलाय," मेजर म्हणाले. "कुठंतरी एक गडी दोन उजवे घिऊन फिरतोय. त्यो गावला पायजे."

मी लगेच मार्ग सांगितला. "सापडला की स्क्रू काढा, हात बदला. दोघंही नीट होतील."

मेजरनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन जिवंत माणसांना विहिरीत ढकलायला सांगत होते. "मग उरलं काय, वैनी? दोन दुकानातले गडी." आणि डावखुरा माझ्या हातातून काढून खिशात टाकला, वर खिशाचं बटण लावलं.

नसीमभाभी आतून म्हणाली, "मला दोन उजवे असते तर माझ्याकडं बी बघितलं असतं ह्यांनी."

मेजरचा शोध ऐन भरात येई तो दिवाळीत. आमच्याकडे पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात. दगड, पोती, वर चिखल, अळिवाची हिरवळ, सिंहासनावर महाराज. मावळे कमी पडले की घरात जो असेल तो गडी उभा करतात. त्यामुळे मातीच्या भालदारांच्या रांगेत एखादा बंदूकवाला परदेशी निघतोच. मेजर आधी सायकलवर आणि पुढे लुनावर हे किल्ले पाहत हिंडायचे. भिंगार झालं की तिसगाव, तिसगाव झालं की मिरजगाव. ओणवे होऊन प्रत्येक पहारेकऱ्याचे अंगठे बघायचे. पोरांना वाटे, हे किल्ले स्पर्धेचे परीक्षक. ती धावत येऊन माहिती सांगत, आणि मेजर कुणालाच नाराज करत नसत. "लई जबरा बुरूज," म्हणून पुढच्या दाराला जात. हे असं ओणवं झालेलं ध्यान दिसलं की मी पदर सावरून रस्त्याच्या पलीकडून जाई. मला मुख्याध्यापिका व्हायचं होतं ना. झाले नाही, ते जाऊ दे.

एक नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. किल्ला उभा आहे तोवर त्यावरचा गडी मागायचा नाही. "पहाऱ्यावरचा मानूस उचलायचा न्हाई. किल्ला मोडू द्या, मग बोलू." किल्ला मोडेपर्यंत गडी मातीत जाई, कुत्रं पळवी, पोरं गावाला जात. असे कितीतरी चांगले गडी त्यांनी डोळ्यांदेखत घालवले. पुढे त्यांच्या मुलीनं त्यांना मोबाईल घेऊन दिला, तेव्हा कळलं की परदेशात असले चुकलेले हिंदुस्थानी गडी शोधणारी मंडळी आहेत. एकानं डावखुरा मागितला. मेजरनी मुलीकडून निरोप लिहून घेतला, की त्याची ड्यूटी अजून संपलेली नाही.

मग साखरेनं घात केला. चपलेनं घासलं, जखम चिघळली, आणि दिवाळीच्या तोंडावर मेजर उजवा पाय घोट्याच्या वरून कापून दवाखान्यातच ठेवून घरी आले. डॉक्टरांनी वॉकर दिला होता, जखम भरली की नकली पाय बसवू म्हणाले होते, पण तोवर रोज उभं राहायला हवं होतं. मेजर उभे राहिनात. ज्या माणसाला कुणी बसवू शकलं नव्हतं तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वॉकर खाटेला टेकलेला, त्यावर नसीमभाभीची ओढणी वाळत घातलेली.

"उठा ना, निसारभाई," मी म्हटलं.

"कुठं जायचंय?" ते भिंतीलाच म्हणाले. डावखुरा खिशात नव्हता. पेटीत इतरांबरोबर टाकला होता.

बाहेर येऊन नसीमभाभी म्हणाली, "आयुष्यभर म्हटलं, जरा बसा. आता बसलेत तर मला बघवंना, ताई."

त्या दिवाळीत साठी उलटलेली, गुडघ्यांना पट्टा बांधलेली मी स्कूटर काढली, मागे नसीमभाभीला घेतलं, आणि आम्ही दोघी लोकांच्या अंगणात ओणव्या होऊन अंगठे पाहत हिंडलो. पोरं आम्हालाही बुरूज समजावून सांगत होती. भाभी म्हणे, "लई जबरा," आणि आम्ही पुढे. मिळालं काही नाही. गुडघे तेवढे बोलले.

भाऊबीजेला मी राहात्याला भावाकडे गेले. चपला काढायच्या आधीच मागच्या गल्लीत चक्कर टाकली. सवय लागली होती. तिसऱ्या की चौथ्या घरापुढे किल्ला होता, दरवाज्यावर एकटाच हिरवा गडी. मी वाकले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग फोन लावला.

"निसारभाई, उजव्या बाजूचा अंगठा पुढे आहे."

"व्हय. आनि डाव्या?"

"मागे."

फोनवर खाट करकरली. मग आवाज आला, "हात लावू नका."

"मी विचारते त्या बाईंना. देतील हो त्या."

"न्हाई. पहाऱ्यावर हाय त्यो. मी येतो."

मागून नसीमभाभी ओरडत होती, "कुठं येतो? कशावर येतो?" आणि त्याच वेळी काहीतरी धाडकन आपटल्याचा आवाज झाला. ओढणीसकट वॉकर ओढला होता.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या टेम्पोत पुढे बसून ते आले. गल्लीत टेम्पो शिरेना. तेवढी वाट मेजर वॉकरवर चालले. घामाघूम, दर चार पावलांना थांबत, पण मला हात लावू देईनात. किल्ल्यापुढे आल्यावर वाकता येईना, म्हणून नसीमभाभीनं त्यांना कमरेला धरलं. त्यांनी अंगठे पाहिले. खिशाचं बटण काढलं, डावखुरा बाहेर काढला आणि दरवाज्याच्या दुसऱ्या बाजूला उभा केला.

घरच्या बाई बाहेर आल्या होत्या. "घेऊन जा हो दोन्ही. आमच्या पोरांना काय, दुसरा उभा करतील."

"असू द्या," मेजर म्हणाले. "दोघं एका दारावर हायेत. आता कशाला हलवायचे?"

आणि ते त्यांच्या पायरीवर बसले. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. बाईंनी चहा दिला, तो बसून प्यायले आणि कपबशी त्यांच्याच हातात परत दिली. मी आणि भाभी एकमेकींकडे पाहत राहिलो. मला तर भीतीच वाटली.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि पायजम्याच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. "वैनी, माझा बी उजवा कुणाकडं तरी गेला असंल."

"म्हणजे कुणीतरी दोन उजवे घेऊन फिरतंय?"

"व्हय तर." त्यांचा हात वॉकरकडे गेला होता. "शोधाय पायजे."

पुढे नकली पाय बसला. तो त्यांच्या रंगापेक्षा चांगलाच उजळ आला. मेजर तो बाजारात बायकांना दाखवत, म्हणत, "बघा, एक हितला माल, एक तिकडचा. असा गडी दुसरा मिळायचा न्हाई." त्या पायावर ते आणखी काही बाजार हिंडले. मग एका उन्हाळ्यात, कॅम्पातली बिऱ्हाडं हलत असताना, तेही गेले. पेटी मुलीनं जपून ठेवली आहे. ते दोघे गडी मात्र राहात्यालाच आहेत. त्या घरची पोरं मोठी झाली, तरी बाई दरवर्षी किल्ल्याला दोघांना काढतात.

भाऊबीजेला माझा भाऊ पाटावर बसून अवघडतो. "ताई, ओवाळतेस की नाही?" म्हणून हाका मारतो. मी तेव्हा मागच्या गल्लीत ओणवी होऊन अंगठे पाहत असते. आणि येता-जाता, खोटं कशाला सांगू, लोकांचे पायही बघते.