पाण्याखालचा पाळणा

धरणाचं पाणी चढलं तेव्हा अभिमन भोईच्या गावाने घरांची दारं, वासे, चुलीजवळचे दगडसुद्धा वर नव्या गावठाणात नेले. एक वस्तू मागे राहिली. अभिमन आणि झुंबरबाईची पहिली लेक पाळण्यातच गेली होती. मेलेल्या लेकराचा पाळणा नव्या घरात नेत नाहीत, म्हणून त्यांच्या घराचं आढं काढलं नाही आणि पाळणा त्याला तसाच टांगलेला ठेवला. लेकीला परसात, निंबाखाली पुरलं होतं. ती जागाही पाण्यात गेली.

पलीकडच्या काठावर शिरपूरची एसटी थांबायची, त्यामुळे अभिमनच्या नावेला रोज माणसं असत. नाव जुन्या गावावर आली की तो वल्ही उचलून हळूच म्हणायचा, "गाव उनं." गाव आलं, एवढंच; पण सगळे गप्प होत. ज्याचं घर खाली असेल तो ओंजळभर पाणी पाण्यात सोडी. नाव आपोआप थोडी पुढे सरकली की पुन्हा वल्ही चालू. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

तेवढ्या शांततेत झुंबरबाई नावेच्या कडेवर कान टेकवायची. खाली पाळण्याची कडी करकरते, असं ती म्हणे. अभिमनला कधी काही ऐकू आलं नाही. तिचं मन मोडू नये म्हणून तो थांबायचा, इतकंच.

पुढे त्याचा खांदा गेला. वल्ही ओढवेनात. त्याने भंगारातून बॅटरीवर चालणारी मोटर आणली, मागे पंखा लावला, ट्रकच्या दोन बॅटऱ्या फळीखाली ठेवल्या. नाव आवाज न करता चालू लागली. झुंबरबाई खूश झाली. पण वारा समोरून असला की परतताना बॅटऱ्या मधेच बसत. एकदा बाजाराची माणसं उन्हात तशीच अडकली आणि त्यातली बरीच पुढच्या आठवड्यापासून लांबच्या रस्त्याने जाऊ लागली.

म्हणून त्याने धुळ्याच्या भटू मंडपवाल्याकडचं जुनं जनरेटर आणलं. वरातीच्या दिव्यांसाठी हातगाडीवर फिरायचं ते. पेट्रोलवर चालू करायचं, मग रॉकेलवर सोडायचं. नाव चालता चालता बॅटऱ्या भरत राहत. आता ती दिवसभर पाण्यावर राहू शके.

पाड्यावरून चारोळी घेऊन येणारा तेरसिंग पहिल्याच दिवशी म्हणाला, "अभिमनभाऊ, वरात ते निघनी. नवरदेव कोठे शे?"

"तूच बस घोडावर," अभिमन म्हणाला. नावेतले सगळे हसले.

झुंबरबाई हसली नाही. जुनं गाव आलं तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"बंद करा ना. माले ऐकू येत नही."

"गरम मशीन बंद करं ते लवकर चालू व्हत नही."

तो "गाव उनं" म्हणायचा, पण त्या धडधडीत ते कुणालाच ऐकू जाईना. हळूहळू त्याने म्हणायचंही सोडलं. ओंजळी सुटायच्या बंद झाल्या. झुंबरबाई मात्र पदर कानावर धरून पाण्याकडे बघत बसे.

पौषात एका सकाळी पाण्यावर धुकं होतं. नावेत तेरसिंग आणि झुंबरबाई दोघंच. ती म्हणाली, "आज बंद करा. नही ते मी परत या नावमा बसाव नही."

अभिमनने जनरेटर बंद केलं, मग मोटरही. कितीतरी महिन्यांनी तिथे शांतता झाली. धुक्यात काठ दिसत नव्हते. झुंबरबाईने कान टेकवला. बराच वेळ ती तशीच राहिली. मग उठून बसली आणि पदर सारखा केला.

"नही शे ती. गयी."

त्याच वेळी अभिमनला ऐकू आलं. करकर, थांबून पुन्हा करकर. आवाज खालून येत नव्हता. त्याच्या पाठीमागून, जनरेटर ठेवलं होतं तिथून येत होता. तापलेला पत्रा निवत असेल, म्हणून त्याने हात लावला. पत्रा गार पडला होता. त्याने तेरसिंगकडे पाहिलं. तेरसिंग विडी शोधत होता.

"काय व्हयनं?" झुंबरबाईने विचारलं.

"काही नही," तो म्हणाला.

जनरेटर चालू झालं नाही. बॅटरीवर नाव कशीबशी काठाला लागली. झुंबरबाई उतरली, वळून न बघता वर गेली. पुढे ती कधी नावेत बसली नाही. त्याने मनधरणी केली, जनरेटर भटूला परत केलं, पण ती म्हणाली, "आते तठे कोनासाठे येऊ?"

लेक तुझ्याकडून माझ्याकडे आली आहे, हे तो तिला सांगू शकला नाही.

नाव पुन्हा आवाज न करता चालू लागली. जुनं गाव आलं की अभिमन मोटर बंद करी आणि "गाव उनं" म्हणे. माणसं गप्प होत. तो पाण्याकडे बघत नसे. जनरेटर असायचं त्या मागच्या रिकाम्या फळीवर तळवा ठेवून हळूहळू मागेपुढे हलवत राही. हाक मारली तरी वळत नसे, म्हणून जनरेटरने अभिमनचे कान बिघडवले, असं लोक म्हणत. तो हात थांबवी तेव्हाच नाव पुढे निघे.