आई, घट्ट!

मंडळी, तासाभरापूर्वी आईला व्हीलचेअरवरून बाहेर फिरवून आणलं. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी चांगलाच उतार आहे. गेल्या आठवड्यात तिथे आई खुर्चीतून पुढे घसरली. मी कसंबसं सावरलं, पण त्यानंतर ती बाहेर यायलाच तयार होईना.

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, "पट्टा लावा. उतारावर खुर्ची उलटी फिरवा आणि मागे बघत हळूहळू उतरा."

आज आईला कसंबसं तयार केलं. गेटपाशी खुर्ची फिरवली, तर म्हणते, "मी काय ट्रक आहे रिव्हर्स घ्यायला? मला रस्ता दिसत नाहीये गं!"

आणि मला आमची लुना आठवली. नव्वदच्या दशकात आई मला मागे बसवून कॉम्प्युटर क्लासला सोडायची. मला समोर फक्त तिची पाठ दिसायची. म्हणून खड्डा आला की ती ओरडायची, "घट्ट!" आणि मी तिची कंबर आवळायचे.

मी म्हटलं, "आई, घट्ट!"

तिने लगेच खुर्चीचे हात धरले. फुटक्या फरशीपाशी मी पुन्हा ओरडले. खाली पोचून ब्रेक लावला, तेव्हा तिने विचारलं, "तुला मागे बसून भीती वाटायची का गं?"

"नाही. तू सांगायचीस ना आधी."

"मग उद्या बागेपर्यंत जाऊ. तू सांगत राहा."

तुमच्या घरी आहे का असा एखादा शब्द, जो आता तुम्ही आईवडिलांना म्हणता?