बापाकडचा माणूस

देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या गोठ्यात गाय माजावर आली की डेअरीचा कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलवर यायचा. मागे नायट्रोजनची टाकी, तिच्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. कांडी कोमट पाण्यात धरायचा, रुमालाने पुसायचा, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि डोळे मिटून काम करायचा.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. एकदा त्याला उत्क्रांती समजावली. नराला बीज तयार करायला फारसे कष्ट नसतात, म्हणून तो बहुधा निघून जातो. मादी पोटात वाढवते, दूध पाजते, म्हणून पिल्लापाशी तीच थांबते.

"व्हय की सर," तो म्हणाला, "बाप तर या कांडीत मावतो."

नऊ महिन्यांनी गाय व्याली. डेअरीवर कळलं म्हणून तो न बोलावताच आला. ओली कालवड त्याने गोणपाटाने चोळली आणि ती पायावर उभी राहीपर्यंत शेजारी उकिडवा बसून राहिला.

"आज तुमचं काय काम होतं?" मी विचारलं.

"बापाकडनं कुनीतरी यायला नको का, सर?"

माझी मुलगी बायकोच्या माहेरी, पारनेरला जन्मली. तिला बघायला मी बाराव्या दिवशी, थेट बारशालाच गेलो होतो.