एकशे सत्तेचाळीस नंबरचा मतदार

महाडमध्ये कुठल्या नगरसेवकाच्या दारापुढचं गटार आधी बांधून झालं आणि कुणाच्या दारापुढचं अजून तसंच वाहतंय, हे दुबईत बसून कळायला दोन हजार सात साली एकच सोय होती : चारुलताबाई गुप्त्यांचा ब्लॉग. ‘गांधारीकाठ’ असं त्याचं नाव. बाईंचा कचेरीसमोरच्या गल्लीत टायपिंगचा क्लास. वीस वर्षं त्यांनी मशीनवर पोरापोरींची बोटं वळवली, मग दोन कॉम्प्युटर आले, मग इंटरनेट आलं. दुपारी क्लास रिकामा झाला की बाई चहाचा कप डाव्या हाताला ठेवून लिहायला बसायच्या. कुठल्या पक्षाचा बॅनर कुणाच्या बॅनरवर चढला, कचेरीतला पंखा किती दिवस बंद आहे, पाचाडला कुणाच्या हातची भाकरी खावी, सगळं त्यात यायचं. यजमान कमलाकरराव पोस्टातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “आम्ही जन्मभर गावाची पत्रं न फोडता वाटली. ही फोडून वाटते.”

बाई जरा आगाऊच होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मनाच्या चांगल्या. खेड्यांतली माणसं रेशनकार्डाचे, वारसनोंदीचे, नावातल्या दुरुस्तीचे अर्ज टाईप करून घ्यायला त्यांच्याकडेच यायची, आणि अर्जात काय लिहावं हे बाईच सांगायच्या. कागदावर आलं की गोष्ट पक्की झाली, असा त्यांचा ठाम समज होता.

अशाच एका दुपारी एक पन्नाशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. स्वच्छ सदरा, पायांत नवी चप्पल, हातात काही नाही.

“बाई, अर्ज करायचा हाय.”

“कशाबद्दल?”

“मी जित्ता हाय म्हनून.”

माणसाचं नाव महिपत. उमरठच्या पुढे डोंगरात कोंडधार म्हणून वाडी आहे, तिथला. त्र्याण्णव साली मुंबईत एका गोदामात कामाला होता. मुकादमाशी हातघाई झाली, मुकादम डोक्यावर पडला तो हलेचना. महिपत पळाला तो वापीला. तिथल्या कारखान्यात दुसऱ्या नावानं राबला. घरी पत्र नाही की निरोप नाही, कारण पोलीस घरावर नजर ठेवून असतील ही धास्ती. चौदा वर्षांनी गाठ पडलेल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं की मुकादम तासाभरात उठून बसला होता आणि अजून ठणठणीत आहे. महिपत दुसऱ्या दिवशी वाडीला आला.

पण वाडीनं दोन वर्षांपूर्वीच त्याला पोचवला होता. गेलेला माणूस बारा वर्षं आला नाही, त्याची काही खबर नाही, तर तो मेला असं धरायचं, गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं-तेरावं करायचं, ही तिथली रीत. बारा वर्षं भरली तरी त्याची बायको तुळसा आधी तयार होत नव्हती. मग थोरला मंगेश आजारी पडला. अंगात ताप राहायला लागला, अन्न उतरेना. औषधं झाली. भगत म्हणाला, बाप अधांतरी आहे, वाट मोकळी कर. पुतळा जाळला. दहाव्याला पिंड ठेवले तर माणसं मागे सरायच्या आत कावळा शिवला. आणि चार दिवसांत मंगेश भाकरी मागून खाऊ लागला.

“त्या वेळी तुम्ही कुठे होतात?” बाईंनी विचारलं.

“वापीला. मशीनवर,” महिपत म्हणाला. “हे समदं ती मानसं आपापसांत बोलताना ऐकलं. माझ्याशी कुनी बोलत नाय. मारत नायत, हाकलत नायत. बघतच नायत.”

बाईंचा विश्वास बसला नाही. चार दिवसांनी त्या स्वतः त्याच्याबरोबर कोंडधारला गेल्या. वाडीत त्यांचं चांगलं स्वागत झालं, कारण निम्म्या वाडीचे अर्ज त्यांनीच केलेले. महादू नावाच्या म्हाताऱ्यानं ओट्यावर घोंगडी घातली. पाणी आलं, एक तांब्या. चहा आला, एक कप. महिपत शेजारी उभा होता. आतून एक लहान मुलगी धावत आली आणि त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, तर तिच्या आईनं हलकेच तिची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं. रागानं नाही, उन्हात बघू नको म्हणावं तसं.

मग तो आपल्या घराकडे गेला आणि अंगणात उभा राहिला. तुळसा अंगण सारवत होती. ती ओणव्यानं शेणाचा हात फिरवत मागे मागे येत होती. त्याच्या पायांशी आली. तिचा हात थांबला नाही. डाव्या पायाला वळसा घातला, उजव्या पायाला वळसा घातला आणि पुढे गेला. बाई हे सगळं बांधावरून पाहत होत्या. थोड्या वेळानं महिपत बाजूला झाला तेव्हा ओल्या अंगणात पावलांएवढ्या दोन कोरड्या जागा राहिल्या होत्या. तुळसा परत आली आणि त्या दोन जागा सारवून तिनं अंगण सारखं केलं. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन, आणि चारुलताबाईंनी थंडी वाजल्यासारखा पदर अंगाभोवती ओढून घेतला.

त्यांनी ब्लॉगवर सगळं लिहिलं. एरवी कोंडधारची मुंबईतली मंडळी त्यांच्या लिखाणाखाली भरभरून मजकूर टाकायची, गावची आठवण आली म्हणायची. या वेळी सहा जणांनी लिहिलं, आणि सहाही जणांनी तेवढंच लिहिलं : ‘हे लिहू नका.’ एक परळहून, एक भांडुपहून, एक तर मस्कतहून. त्यातल्या पाच जणांचं एकमेकांशी पटत नाही हे बाईंना ठाऊक होतं, कारण त्यांची भांडणं त्यांनीच छापली होती.

कमलाकरराव म्हणाले, “अगं, सहा माणसं एक वाक्य बोलतात म्हणजे त्यात काहीतरी असेल.”

“अंधश्रद्धा आहे,” बाई म्हणाल्या, “दुसरं काय असणार!”

महिपतच्या जिवाला एकच घोर होता. आपल्या माणसांपैकी एकानं तरी एकदा नावानं हाक मारावी. घर नको, जमीन नको म्हणायचा. आणि बाईंना त्यावर तोड सापडली. पुतळा जाळला म्हणून सरकार मृत्यूचा दाखला देत नाही, त्यामुळे दाखला निघाला नव्हता आणि मतदारयादीतलं नाव कुणी कापलं नव्हतं. अनुक्रमांक एकशे सत्तेचाळीस, महिपत भागोजी मोरे. कोंडधारच्या ग्रामपंचायतीची निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. वाडीचा प्रभाग बायकांसाठी राखीव, आणि एका पॅनेलकडून उभी होती खुद्द तुळसा. मागच्या खेपेस या प्रभागात तिचं पॅनेल तीन मतांनी पडलं होतं. एकेका मतासाठी लोक मुंबईहून जीपा भरून आणत होते.

“तुमचं नाव भर शाळेत मोठ्यानं वाचलं जाईल,” बाई त्याला म्हणाल्या. “बोटाला शाई लागेल. मग कोण म्हणतो तुम्ही नाही म्हणून?”

महिपत बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिला. “तसं झालं तर बरं होईल, बाई,” तो म्हणाला.

मतदानाच्या दिवशी सकाळी कोंडधारच्या शाळेपुढे जत्रा भरली होती. केंद्राध्यक्ष पोलादपूरकडचे मास्तर. ते बाईंच्या क्लासला टायपिंग शिकलेले, त्यामुळे बाई व्हरांड्यातल्या खांबाशी उभ्या राहिल्या तरी त्यांनी डोळेझाक केली. महिपत रांगेत लागला. त्याच्या पुढचा माणूस सरकला की तो सरकायचा, पण त्याच्या मागून येणारे त्याच्या पुढच्यालाच टेकून उभे राहायला बघायचे. त्याला आपली जागा अंगानं धरून ठेवावी लागत होती. अशानं तासभर गेला.

टेबलाशी पोचल्यावर कारकुनानं नाव वाचलं. “एकशे सत्तेचाळीस. महिपत भागोजी मोरे.”

शाळेत एकाएकी शांतता पसरली. बाहेर रांगेत बायका बोलत होत्या त्याही थांबल्या.

“ओळखपत्र?” कारकुनानं विचारलं. ते नव्हतं. केंद्राध्यक्ष बाकावर बसलेल्या दोन्ही पॅनेलच्या माणसांकडे वळले. एकीकडे मुरारी, दुसरीकडे निवृत्ती. सकाळपासून दोघं प्रत्येक मतावर भांडत होते.

“हा माणूस तोच आहे का?”

“कोन मानूस?” मुरारी म्हणाला.

“हा. समोर उभा आहे तो.”

निवृत्तीनं समोर पाहिलं. महिपतच्या छातीतून आरपार, मागच्या फळ्याकडे. “सायेब, रांग थांबलीया,” तो अदबीनं म्हणाला. “पुढचं नाव घ्या.”

मास्तरांना आधी वाटलं चेष्टा चालली आहे. ते चिडले, टेबलावर हात आपटला. कुणी हसलं नाही. मग त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी महिपतकडे नीट निरखून पाहिलं. आपल्याला दिसतं ते इतरांना का दिसू नये, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता. शेवटी त्यांनी उमेदवार म्हणून तुळसाला आत बोलावलं.

ती आली. पदर सारखा केला. महिपत तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. चारुलताबाईंनी खांब घट्ट धरला. एक शब्द, एक होकार, की काम झालं. आणि ते मत तिचंच होतं, तिलाच पडणार होतं.

“बाई, हे तुमचे यजमान का?”

“माजा मालक गेला, सायेब,” तुळसा म्हणाली. “त्याला जेवू घातला, पाणी दिलं, कावळा शिवला. हितं कुनी नाय.”

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ओळख पटली नाही, असं मास्तरांनी कागदावर लिहिलं आणि कारकुनानं पुढचं नाव घेतलं.

दुपारी बाई उतारावरून जीपकडे निघाल्या तेव्हा तुळसा मागून पळत आली. महिपत बाईंची पिशवी घेऊन पुढे गेला होता. तुळसाला दम लागला होता आणि आता, इथे, तिचे डोळे भरले होते.

“बाय, तुमी त्याच्याशी बोलता,” ती म्हणाली. “म्हनून तो येतो. मला काय कळत नाय व्हय? तो आला त्या दिसापास्नं मंगेशचं अंग परत तापतंय. एक मरान त्या घरातनं दिलंय. ते मागं घेतलं तर त्याच्या बदली कोन जाईल, सांगा मला. तुमी लिवता, वाचता. सांगा.”

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तापाचं आणि याचं काही नातं नाही, मुलाला महाडला आणा, रक्त तपासू. पण तुळसाच्या तोंडाकडे बघताना ते बाहेर आलं नाही.

“बारा वर्सं वाट बघितली मी,” तुळसा म्हणाली. “आता पोराची बगू, का त्याची?” आणि ती परत चढ चढून गेली. तिच्या केंद्रावर मतदान चालू होतं.

वाडीतल्या हैबतीची जीप उतारूंची वाट बघत उभी होती. त्यानं बोटं नाचवत माणसं मोजली आणि म्हणाला, “सात झाली, अजून येक बसल.” आत आठ जण होते. एक म्हातारी चढली, जागा शोधली आणि तिनं आपली भाजीची पाटी सरळ महिपतच्या मांडीवर ठेवली, मोकळ्या बाकावर ठेवावी तशी. महिपतनं पाटी दोन्ही हातांनी धरली. वळणावर ती कलंडू नये म्हणून तो पोलादपूरपर्यंत ती सांभाळत बसला. म्हातारीनं उतरताना पाटी उचलली. धन्यवाद कुणाला म्हणायचे?

सबंध रस्ताभर चारुलताबाई त्याच्या शेजारी होत्या. काहीतरी बोलावं असं त्यांना सारखं वाटत होतं. वळण आलं की बोलू, पूल आला की बोलू. मंगेशचा ताप डोक्यातून जात नव्हता. आणि स्वतःची लाज वाटत होती. कारण जीपमधली सगळी माणसं बाईंकडे बघत होती, आणि त्यांनी तोंड उघडलं तर त्या कुणाशी बोलतायत हे बघायला थांबली होती.

पोलादपूरच्या स्टँडवर शकूचं चहाचं दुकान. शकू बाईंची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन इकडे आलेली. तिला कोंडधारचं काही माहीत नव्हतं. तिनं बाक पुसला, बाईंना बसवलं आणि मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हसली.

“बाई, हे पावणं तुमच्यासंगती हायत ना? दोन चहा करू?”

दिवसभरात त्याच्याकडे बघून हसलेलं हे पहिलं माणूस. महिपतनं शकूकडे पाहिलं, मग बाईंकडे. फक्त थांबला.

“एकच कर गं,” चारुलताबाई म्हणाल्या. “माझ्याबरोबर कोणी नाही.”

स्टोव्हचा आवाज येत राहिला. महिपतनं पिशवी बाकावर ठेवली, पडू नये म्हणून भिंतीला नीट टेकवली, आणि स्टँडाबाहेरच्या रस्त्याला लागला. शकू हातात गाळणं घेऊन त्याच्या पाठीकडे बघत होती. मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि एक कप विसळायला घेतला.